घरातला दुसरा फोन

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. लग्नकार्यात, दशक्रियेला कुठेही विषय निघाला की मी उठून जायचो. पोरगा अजूनही म्हणतो, "कशाला उकरून काढता, आबा?" उकरणार. ज्याला राग येईल त्याने खुशाल धरावा.

मिरजगावात आमचा उसाच्या रसाचे चरक बनवायचा कारखाना होता. रस्त्यालगत पत्र्याचं शेड, पुढे दुकान, मागे घर. आम्ही दोघे भाऊ. गिऱ्हाईक आलं की आधी मला विचारायचं. नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा धाकट्याच्या बायकोने दुकानात कॉम्प्युटर आणून फोनच्या लाईनीला जोडला. तिने नगरला क्लास केला होता. पुण्याचा एक व्यापारी आमचे चरक परदेशी पाठवायला तयार होता. त्याला इंटरनेटवरून फोटो आणि मापं हवी होती.

मी सगळ्यांसमोर म्हणालो, "आता काय, चरक तारेतून पाठवनार?"

"चरक न्हाई, दादा. फोटू," ती म्हणाली.

कामगार हसले. मला.

माझ्यासमोर पदर सावरून उभी राहणारी ती आता माझ्याकडे पाठ करून खुर्चीत बसायची आणि माणसं तिच्याभोवती उभी असायची. माझं दुखणं एवढंच. त्याला मोठं नाव देणार नाही.

त्याच लाईनीवर घरात दुसरा फोन होता. एक फोटो जायला पाऊण तास लागे. मी घरात जाऊन रिसीव्हर उचलायचो. कानात किर्रर्र व्हायचं, इंटरनेट तुटायचं आणि पुढच्या दुकानातून तिचा आवाज यायचा, "गेलं परत!" मग मी तो हळूच खाली ठेवायचो. तिने लाईनमन बोलावला. तो बिचारा खांबावर चढून तारा बदलून गेला. मी त्याला चहा पाजला.

व्यापाऱ्याने अखेर दुसरीकडून माल घेतला. घरात बैठक बसली. मी म्हणालो, खेड्यात हे खेळणं चालायचं नाही, विकून टाका. ती पहिल्यांदाच थोरल्यांसमोर मान वर करून बोलली, "मशीन चालतंय, लाईन तुटतीय. दोन्ही येगळं हाय. मशीन इकनार असाल तर आमी बी इथं ऱ्हानार न्हाई."

ते दोघे नगरला, सावेडीत राहायला गेले. एकट्याच्याने शेड चाललं नाही, बंद पडलं. गाव म्हणालं, बाईने घर फोडलं. मी मान डोलावली. आता लिहून देतो: घर मी फोडलं, धंदा मी बुडवला आणि ती बरोबर होती. तिला नावं ठेवणाऱ्यांनी यापुढे मला ठेवावीत.

हेच सांगायला एकदा सावेडीला गेलो. चहा देताना ती म्हणाली, "लाईन बरी असती तर आपण एकत्र असतो ना, दादा?"

"व्हय," मी म्हणालो, "लाईनच खराब हुती."

परतताना रिक्षात तोंडातून शब्द फुटले. ऐकायला फक्त रिक्षावाला होता.

"पोरी, लाईन चांगली हुती. फोन मी उचलत हुतो. मला माफ कर."