घुंगरं उतरवलेली गाडी

मी भित्रा माणूस नाही, हे परतूरच्या बैलबाजारात कुणालाही विचारा. मारक्या वळूच्या शिंगावर टॉवेल वाळत घातलाय मी. एकदा तर फोनवरून नुसतं हंबरणं ऐकून बैलाचे दात सांगितले होते आणि पलीकडच्यानं बैल न बघता सौदा केला होता. यात थोडं इकडंतिकडं असेल, पण बैलही होता आणि फोनही होता. तर असा मी, जालन्यात औरंगाबाद रस्त्यावरच्या एका काचेच्या दुकानात, गार हवेत, मऊ खुर्चीवर बसलो होतो आणि माझे गुडघे एकमेकांवर आपटत होते. इतक्या जोरात, की शेजारच्या माणसाला वाटलं असेल कुणीतरी खलबत्त्यात लसूण कुटतंय.

समोर टाय लावलेला एक गोरागोमटा पोरगा होता. त्याच्या हातात ना काठी होती ना कोयता. नुसतं कॅल्क्युलेटर होतं.

आधी तिथं का गेलो ते सांगतो. थोरली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या पायावर सूज होती, बीपी चढायचं. परतूरच्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "कळा सुरू झाल्या की इथं घटकाभर घालवू नका. सरळ जालना गाठायचं." त्या हे हळू आवाजात बोलल्या, आणि ज्या बाईचा आवाज एरवी रस्त्यापर्यंत ऐकू येतो ती हळू बोलली की माणसानं समजून घ्यावं.

जालना गाठायचं कशानं? काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत नाही. टपावर माणसं, मागं लटकलेली माणसं, ड्रायव्हरच्या मांडीवरही एखादं असायचं. आदल्या वर्षी आमच्या गल्लीतली एक सून अशीच कळा देत, जीपची वाट बघत जालन्याच्या वाटेवर वाटूर फाट्यावर बसली होती. जीप आली. तोवर तिला कशाचीच गरज उरली नव्हती. त्या घरासमोरून जाताना आमची बायको पदर डोक्यावर ओढून घ्यायची आणि माझ्याकडं बघायची.

म्हणून गाडी. नवी घ्यायची ऐपत नव्हती. कुणीतरी सांगितलं की आता जालन्यात सर्टिफाइड जुन्या गाड्या मिळतात, कंपनीची माणसं आतून-बाहेरून तपासून छाप मारून देतात. मला हे फार आवडलं. आमच्या धंद्यात बैलाला छाप मारणारा माणूस म्हणजे मीच.

निघताना बायकोनं माझ्या बंडीला आतून दोन खिसे शिवले. उजवा गाडीचा, डावा दवाखान्याचा. डाव्याला वरून सेफ्टी पिन लावली आणि म्हणाली, "आवं, उजव्यातलं सगळं संपवा, मला काही न्हाई. पर ही पिन उघडली तर घरी येऊ नका. तिकडंच काचंच्या दुकानात ऱ्हावा."

"मी काय लहान हाय का?"

"लहान असते तर बरं झालं असतं. लहान लेकरू दुकानात गेलं की रडतंय तरी. तुम्ही शान मारत बसता."

सोबत चाचा होते. चाचा म्हणजे बाजारातले जुने दलाल. माझ्या बापाचे सौदे त्यांनी लावले, माझेही तेच लावतात. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकायचं आणि आत बोटं दाबून बोलायचं. बघणाऱ्याला नुसती कापडाची हालचाल दिसते. सौदा ठरला की इसार द्यायचा. इसार दिला की शब्द बांधला गेला. मग दलाली, पावती, चहापाणी असली किरकोळ देणी आली तर त्यावर घासाघीस करायची नाही. जो करतो त्याला चार बाजार हसतात. बैल घेतला आणि पावतीला रडला, असं एकदा नाव पडलं की पोरांच्या सोयरिकी मोडतात.

आठवड्यापूर्वीच येऊन आम्ही गाडी पसंत केली होती. छोटी, पांढरी, खिल्लारासारखी अंगानं आटोपशीर. चाचांनी तिच्याभोवती फेऱ्या मारल्या, चाकाला लाथ मारली, मागच्या नळीत नाक घालून वास घेतला आणि "जनावर बराबर हाय" असा निकाल दिला. भाव ठरला, मी इसार दिला. माझ्या लेखी तिथंच सगळं संपलं. आता फक्त पैसे द्यायचे आणि कासरा धरून घरी न्यायची.

तर तो टायवाला म्हणाला, "सर, गाडीची किंमत झाली. आता बाकीचं बघू."

"बाकीचं?"

"गाडी नावावर करायचा खर्च."

हे बरोबरच होतं. मी ऐटीत मान हलवली.

"फाइल चार्ज."

मान हलवली. पावतीसारखंच असेल काहीतरी.

"हँडलिंग चार्ज."

"हे कशाचं, बाबा?"

"गाडी इथं ठेवली, पुसली, हलवली, त्याचं सर."

चाचा माझ्या कानाशी पुटपुटले, "म्हशीला हात लावायचे पैसे घेतले असते तर मी आज नवाब असतो."

पण मी मान हलवली. शेजारच्या सोफ्यावर एक नवरा-बायको बसले होते, ते माझ्याकडंच बघत होते आणि माझ्या अंगात चार बाजारांची इज्जत होती. पोरगा तोंडात साखर धरून बोलत होता आणि मी नंदीबैलासारखी मान हलवत होतो. खालून गंज लागू नये म्हणून लेप. जादा वर्षाची वॉरंटी. काचांना काळा कागद. सीटला कव्हर, पायाखाली गालिचा, देवासमोरच्या उदबत्तीसारखी वासाची बाटली, आणि सात सुरांत वाजणारा हॉर्न. "सगळं आधीच बसवलंय सर, तुम्हाला काही बघायलाच नको."

त्यानं कॅल्क्युलेटर माझ्याकडं फिरवलं.

आयुष्यात मी एवढा भ्यालो नाही. उजवा खिसा संपत होता, आकडा संपत नव्हता. माझा हात आपोआप डाव्या खिशाकडं गेला आणि बोटाला सेफ्टी पिन लागली. तिथं त्या गार हवेत मला वाटूर फाटा दिसला. फाट्यावर बसलेल्या त्या पोरीच्या अंगावर माझ्या लेकीचं लुगडं होतं. घाम असा फुटला की, खोटं वाटेल, खालची फरशी पुसायला माणूस आला.

उठून जावं तर इसार बुडतो आणि गाडी जाते. बसावं तर दवाखाना जातो. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला महिना भरत आला होता, दुसरी गाडी शोधायला वेळ नव्हता. टेबलाखाली चाचांनी आपलं उपरणं माझ्या हातावर टाकलं आणि बोटं इतकी आवळली की हाड कडकडलं. तो भाव नव्हता. म्हातारा नुसता मला धरून बसला होता.

पिन अर्धी उघडली होती. आणि पिन उघडताना माझी नजर काचेतून गाडीवर गेली. गालिचा, कव्हर, आरशाला लटकलेली बाटली. सजवलेली होती गाडी. विकायला आणलेला बैल सजवतात तशी.

मी उभा राहिलो. आता माझा आवाज म्हणजे, बाजारात मी खाकरलो तर तिकडं लांब तीर्थपुरीला म्हशी पान्हा चोरतात. मी म्हणालो, "साहेब, आमच्याकडं जनावर विकलं की दावं, घुंगरं, झूल विकणाऱ्याची. घेणारा आपलं दावं घरून आणतो. तुमचं तुम्ही काढून घ्या. मला उघडं जनावर द्या."

"सर, हे पॅकेज आहे."

"पॅकेजच म्हणतोय. सोडा ते."

"सर, प्लीज हळू बोला."

"हळू बोलायचा चार्ज किती?"

सोफ्यावरच्या बाई नवऱ्याला म्हणाल्या, "आवं, आपल्या गाडीतबी हे गालिचे-बिलिचे धरलेत का? इचारा की." नवरा उठला. टायवाला त्याच्याकडं बघून कसनुसा हसला आणि माझ्याकडं वळून बारीक आवाजात म्हणाला, "काका, तुम्ही बसा, मी साहेबांशी बोलतो." सरचा काका झाला तेव्हाच मी ओळखलं, भाव उतरला.

मग त्यांनी मागं नेऊन गाडी सोलली. कव्हरं निघाली, गालिचे निघाले, बाटली गेली, काळा कागद खरवडला, वॉरंटी खोडली. "हॉर्न?" मेकॅनिकनं विचारलं. मी म्हणालो, "घुंगरं आधी काढ." लेप तेवढा निघेना. त्याचा भाव निम्म्यात तुटला. फाइल चार्ज त्यांनी सोडला नाही. त्यांच्याही इज्जतीचा प्रश्न असेल. उजवा खिसा झाडून रिकामा झाला. चाचांनी पेट्रोलपुरते पैसे आपल्या टोपीतून काढून दिले. पिन मी पुन्हा लावली तेव्हा बोटातून रक्त आलं.

जालना सोडलं आणि पुढं एक म्हैस आडवी आली. मी हॉर्न दाबला. काहीच वाजलं नाही. पुन्हा दाबला. नुसतं टक्. चाचा माझ्याकडं बघायला लागले.

सात सुरांचा हॉर्न बसवताना त्यांनी मूळचा काढून ठेवला होता. आणि घुंगरं उतरवा म्हणून गर्जना करणाऱ्या शहाण्यानं, खाली जनावराचा स्वतःचा गळा आहे का, हे बघितलंच नव्हतं.

"परत जायचं का मागायला?" चाचांनी विचारलं.

"परत?" मी म्हणालो. "हॉर्न मागायचा चार्ज लावतील."

हे मी हसत म्हणालो, पण खरं सांगतो, त्या काचेच्या दारातून पुन्हा आत जायची माझी छातीच नव्हती. परतूरच्या मिस्त्रीनं बाजार झाल्यावर ये म्हणून सांगितलं. म्हटलं, अजून वेळ आहे.

वेळ नव्हता. दोनच दिवसांनी, सकाळी भाकरी थापायच्या वेळेला लेक भिंतीला धरून उभी राहिली आणि "बाबा" एवढंच म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मागच्या सीटवर आईच्या मांडीवर तिचं डोकं, खाली गोधडी, कारण कव्हरं तर मी शान मारून काढून टाकली होती. आणि नेमका तो परतूरचा बाजाराचा दिवस. सगळ्या दुनियेतले बैल, शेळ्या, ट्रॅक्टर, सायकली रस्त्यावर, सगळे समोरून येणारे, आणि माझी गाडी मुकी.

मी काच खाली केली, मुंडकं बाहेर काढलं आणि ओरडलो. "हैऽऽक! बाजूला! हो-हो-होऽऽ! अरे सरक, लेक हाय आत, लेक हाय!" बैल माझा आवाज ओळखून आपोआप कडेला झाले, त्यांचे मालकच मध्ये उभे राहिले. एसटीचा ड्रायव्हर घाबरून शेतात उतरला म्हणतात, मी बघितलं नाही. वाटूर फाटा आला. तिथं जीपची वाट बघत माणसं बसली होती. मी त्या बाजूला बघितलं नाही, फक्त आणखी मोठ्यानं ओरडलो. मागून आधी लेकीचं कण्हणं ऐकू येत होतं. फाट्यानंतर ते थांबलं. कण्हणं थांबल्यावर जी भीती वाटते तिच्यापुढं ते कॅल्क्युलेटर म्हणजे खेळणं होतं. मागं वळून बघायची हिंमत नव्हती. बायको सारखी म्हणत होती, "हाका, हाका, थांबू नका," आणि तिचा आवाज तिचा वाटत नव्हता. मी ओरडत राहिलो. मोकळ्या रस्त्यावरही ओरडत राहिलो.

दवाखान्यात तिला चाकाच्या खाटेवरून आत नेलं. खिडकीवरच्या माणसानं आधी पैसे भरा म्हणून सांगितलं. मी पिन उघडली. त्यातही एक फाइल चार्ज होता. मी गुपचूप दिला.

गुपचूप, कारण माझा आवाज गेला होता. पार गेला होता, नुसती हवा निघत होती. मी बाकावर बसलो. नर्स बाहेर आली, मी उठून तोंड उघडलं, काहीच आलं नाही. ती निघून गेली. दुसरी आली, ती म्हणाली, "आजोबा, बोलता येत नाही का?" आणि तीही गेली. ज्याच्या खाकरण्यानं म्हशी बिचकतात त्या माणसाला आपली पोरगी जिवंत आहे का एवढं विचारता येईना. दार उघडायचं, मिटायचं. मी माझ्या खांद्यावरच्या उपरण्याचं टोक चावत बसलो.

खूप वेळानं बायको बाहेर आली. केस सुटलेले, डोळे सुजलेले. मी तिच्या तोंडाकडं बघत राहिलो. ती म्हणाली, "पोरगी झाली." मी बघतच राहिलो. "असं काय बघता? नात झाली म्हणून तोंड फुटंना व्हय?"

मी मान हलवली, दोन्ही हात हलवले, गळ्याकडं बोट केलं. तिला काही कळेना. मग मी तिचा हात धरला, वर उपरणं टाकलं आणि आत तिची बोटं दाबली, जशी बाजारात दाबतात तशी. तिला ती भाषा येत नाही. जन्मात कधी शिकवली नव्हती. पण तिनं माझी बोटं उलटी दाबली.

"हाय," ती म्हणाली. "हाय, बरी हाय. बीपी उतरलंय. शुद्धीवर आल्या आल्या तिनं इचारलं, बाबा ओरडायचे का थांबले?"