पेट्याचा मान

काशिमानाबद्दल लिहावं असं मला कुणी सांगितलेलं नाही, आणि ते नीट उतरेल याची खात्रीही नाही. पण तिच्या हाताखाली शिकलेली मंडळी तिची पेट्याची गोष्ट हल्ली इतकं तिखटमीठ लावून सांगतात, की साधी गोष्टही कुठेतरी असावी असं वाटलं.

अबुजात, म्हणजे देशाच्या राजधानीत, प्रत्येक राज्याचं एक घर असतं. आमच्या घरात मी कोठीघर सांभाळायचो आणि काशिमाना चूल. रविवारी दुपारी आमच्या राज्याचे खासदार तिथे जेवायला जमत. पक्ष वेगवेगळे, संसदेत एकमेकांवर धावून जाणारे. पण उखळात कुटलेल्या कंदाचे पांढरेशुभ्र गोळे आणि भेंडीचं कालवण समोर आलं की सगळे एकाच घंगाळात हात धुवायचे.

काशिमाना दारातच बजावायची, "भांडणं बाहेर ठेवा. जाताना ज्याची त्याने घेऊन जा."

"अगं, मागच्या रविवारी मी चुकून दुसऱ्याचंच घेऊन गेले," खासदार मिमिदूबाई म्हणायच्या. "आठवडाभर भांडले, नंतर कळलं की आपलं नव्हतंच!"

या सगळ्यांत थोरले म्हणजे सिनेटर योर्क्या. आम्ही त्यांना बाबा म्हणायचो. त्या वेळचे राष्ट्राध्यक्ष आर्चिबाँग समुद्रकाठचे, आमच्या भाषेचे नव्हेत, पण त्यांची काम करायची एक रीत होती. रविवारी चर्चमधून परतले की बाबांना स्वतः फोन लावायचे. पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय रांधलंय?" मग हवापाणी, नातवंडं, आणि शेवटी हळूच एखादं विधेयक. कधी कधी तर सरळ जेवायलाच येऊन बसत. आमच्या खासदारांची मतं त्यांना हवी असत आणि आमच्या खासदारांना रस्ते, दवाखाने. त्से-अकांडेचा पूलही असाच एका रविवारी कालवणाच्या वाटीवर ठरला होता.

त्से-अकांडे हे काशिमानाचं माहेर, नदीच्या पलीकडे. तिची आई तिथेच राहायची. म्हातारीने नावेत पाय ठेवायचं सोडलं होतं, कारण एकदा बाजाराहून येताना नावेतला मेंढा बिथरला आणि नाव उलटली. "मेंढा पोहून काठावर गेला आणि मला बघत उभा राहिला," ती सांगायची. "आता पूल होईल तेव्हाच मी नदी ओलांडेन." त्यामुळे लेक राष्ट्राध्यक्षांना जेवू घालते हे तिने नुसतं ऐकलेलं होतं. तिला एकदा आपल्या हातचं, आपल्या टेबलावर वाढायचं, एवढीच काशिमानाची इच्छा होती. पुलाचे खांब नदीत उभे राहिले तेव्हा तिने आईसाठी नवं काळं-पांढरं लुगडंही आणून ठेवलं.

आता पेट्याचं सांगतो. आमच्यात कोंबडी कापली की तिचा पेटा, म्हणजे पोटातली दाणे दळणारी चिवट पिशवी, घरातल्या थोरल्या पुरुषाचा. तो कुणी मागत नाही, कुणी वाटून घेत नाही. बायका तर चाखतही नाहीत. अबुजातल्या त्या घरात तो मान बाबांचा. पण त्या रविवारी राष्ट्राध्यक्ष आले होते, आणि काशिमानाच्या डोक्यात पूल होता. तिने पेटा उचलला आणि राष्ट्राध्यक्षांच्या वाटीत ठेवला. त्यांनी तो गप्पांच्या नादात खाल्ला. बाबांनी त्यांच्या वाटीकडे पाहिलं, मग आपल्या वाटीकडे पाहिलं, आणि वाटी पुढे सरकवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नदीकाठच्या जमिनींबद्दलचं विधेयक आलं. बाबा विरोधात उभे राहिले, त्यांच्यामागे आमचे बाकीचे सगळे, आणि विधेयक पडलं. रविवारचा फोन बंद झाला. पुलाचं कामही थांबलं. खांब नदीत नुसते उभे. बगळे त्यांच्यावर बसायला लागले. वर्तमानपत्रांनी पुष्कळ कारणं छापली. स्वयंपाकघरात मात्र कारण एकच होतं.

"टर्सूदादा, पूल मीच खाल्ला हो," काशिमाना म्हणायची.

"पूल नाही, पेटा. आणि तोही तू नाही खाल्लास."

"हसू नका! आईला काय सांगू? तुझा पूल मी वाटीत घालून वाढला म्हणून?"

मलाही ते खरंच वाटत होतं. बाबांचा अभिमान आम्ही ओळखून होतो.

बरेच महिने असे गेले. मग एक दिवस निरोप आला, या रविवारी राष्ट्राध्यक्ष जेवायला येतायत. काशिमानाने हातातली पळी खाली ठेवली.

"आता पेटा कुणाला?" ती म्हणाली. "बाबांना दिला तर पाहुणा रुसणार. पाहुण्याला दिला तर बाबा उठून घरी."

"दोन कोंबड्या कर," मी सुचवलं.

"एका टेबलावर दोन थोरले? त्यापेक्षा मलाच चुलीत घाला!"

शेवटी तिने मासा करायचं ठरवलं. माशाला पेटा नसतो. नदीतला मोठा मासा आणवला, मिरची लावून निखाऱ्यावर भाजला, आणि देवाचं नाव घेऊन वाढला.

टेबलावर कुणी बोलेना. मिमिदूबाईंनी पावसापाण्याचा विषय काढून पाहिला, तोही चालला नाही. बाबांनी माशाकडे निरखून पाहिलं.

"पोरी, कोंबड्या संपल्या का राज्यातल्या?"

"नाही बाबा."

"मग पाहुणा आला आणि मासा? आपल्याला नावं ठेवतील."

काशिमानाचा धीर तिथे सुटला. ती टेबलाजवळ आली आणि एका दमात सगळं बोलून गेली: पेटा तुमचा होता, मी पुलाच्या लोभाने साहेबांना दिला, तुम्ही रागावलात, विधेयक पाडलंत, त्यांनी पूल थांबवला, आता काय शिक्षा द्यायची ती मला द्या, नदीतल्या खांबांना नको.

राष्ट्राध्यक्षांचा घास हातातच राहिला. "तो पेटा होता?" ते म्हणाले. "बाबा, आमच्याकडेही तो थोरल्याचाच असतो. माझे काका अजून जिवंत आहेत, मी जन्मात पेटा खाल्लेला नाही. मला वाटलं, मांस जरा चिवट आहे!"

बाबा हसायला लागले. इतके हसले की त्यांनी रुमालाआड तोंड फिरवलं आणि दात काढून रुमालात घेतले. वरचेही, खालचेही.

"हे बघा!" ते बोळक्या तोंडाने म्हणाले. "या दातांनी पेटा चावतो का कुणी? कित्येक वर्षं मी तो गालात धरतो आणि बाहेर जाऊन मांजराला घालतो. मान म्हणून मुकाट सोसतो. त्या दिवशी हिने तुम्हाला दिला तेव्हा मी मनात हिला आशीर्वाद दिला!"

"मग वाटी का सरकवलीत?" काशिमाना जवळजवळ ओरडलीच.

"अगं, आणखी कालवण हवं होतं. तू बघतच नव्हतीस. तुझं सगळं लक्ष साहेबांच्या वाटीत!"

मिमिदूबाईंना हसून हसून ठसका लागला. कुणीतरी त्यांना पाणी दिलं.

राष्ट्राध्यक्ष हसता हसता थांबले. "मग विधेयक का पाडलंत, बाबा?"

बाबांनी दात पुसून परत बसवले. बहुधा ते नीट बोलायचं होतं म्हणून. "ते वाईट होतं म्हणून. नदीकाठची जमीन आमच्या लोकांची उन्हाळ्यातली भाजी आहे. तुम्ही स्वतः फोन केला असतात तर तेव्हाच सांगितलं असतं. पण त्या आठवड्यात तुमच्या सचिवाचा फोन आला. त्याने विचारलं, किती मतं देताय? काय रांधलंय ते विचारलंच नाही."

राष्ट्राध्यक्षांनी माशाचा डोक्याकडचा मऊ तुकडा काढून बाबांच्या वाटीत ठेवला. "चुकलं," ते म्हणाले. "विधेयकातलं कुठलं कलम खुपतंय ते आधी सांगा. पुलाचं मग बोलू."

"पुलाचं आधी," काशिमाना म्हणाली आणि लगेच स्वयंपाकघरात पळाली.

ते दोघे संध्याकाळपर्यंत बसले. जमिनीची दोन कलमं गेली, एकावर बाबा नमले. पूल लगेच झाला असं नाही. मध्ये कंत्राटदार बदलला, पाऊस आला, मिमिदूबाईंनी संसदेत टेबलं बडवली. पण रविवारचा फोन पुन्हा सुरू झाला, तो मग थांबला नाही, आणि एका कोरड्या हंगामात पूल पुरा झाला.

म्हातारी गाडीतून नदी ओलांडायला तयार नव्हती. आधी पायी चालत गेली, मधोमध थांबून तिने काठी आपटून पाहिली, मगच गाडीत बसली. रविवारी ती ते काळं-पांढरं लुगडं नेसून आमच्या टेबलाशी बसली. काशिमानाने कोंबडी केली होती. पेटा रिवाजाप्रमाणे बाबांच्या वाटीत गेला. बाबांनी तो उचलला आणि म्हातारीच्या वाटीत ठेवला.

सगळे पुरुष टक लावून बघत राहिले.

म्हातारीने पेटा तोंडात घातला. बराच वेळ चावला. लेकीकडे पाहिलं.

"हाच का तो?"

"हाच, आई."

"आणि बापे लोक हा आम्हाला चाखूही देत नव्हते?" तिने तो वाटीच्या कडेला काढून ठेवला. "उपकारच झाले म्हणायचे. तो मांडीचा तुकडा वाढ बघू."

तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी उचलून तो सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला. पलीकडून आवाज आला, "बाबा, आज काय रांधलंय?"

बाबांच्या आधी म्हातारीच फोनवर वाकली. "पेटा!" ती ओरडली. "तुमच्यासाठी ठेवलाय. या आणि घेऊन जा!"