नजर आणि तार

उदगीरच्या चांदपाशानं उभी हयात गाड्यांच्या वायरिंगमध्ये घातली, पण देवणीच्या वैजनाथरावांच्या जुन्या जीपनं त्याचं डोकं पार उठवलं. हेडलाइट लावला की फ्यूज उडायचा. त्यानं बटण बदललं, फ्यूजबॉक्स नवा टाकला, सगळी वायर नव्यानं ओढली आणि दिवा लावला. फट्! फ्यूज गेलाच.

"नजर लागून राहिली हो भाई," वैजनाथराव म्हणाले, अन् पुढच्या लोखंडी जाळीला आणखी एक लिंबू-मिरची बांधायला वाकले.

चांदपाशा वैतागून बघत होता. बघता बघता त्याचे डोळेच विस्फारले. आधीचं लिंबूही ओवलं होतं तांब्याच्या उघड्या तारेत, आणि तारेचं टोक जाळीतून आत जाऊन थेट हेडलाइटच्या कनेक्शनला टेकलं होतं. त्यानं जाळीवरच्या जुन्या-नव्या साऱ्या लिंबांच्या तारा हिसडून काढल्या, फ्यूज टाकला. दिवा लख्ख पेटला अन् पेटलेलाच राहिला.

"नजर न्हाई, वैजनाथराव, तुमची तार लागली व्हती, तार!" तो ओरडला.

वैजनाथरावांनी ती तार हातात घेऊन नीट निरखली.

"हाव. पण एवढ्या गाड्यांत माझ्याच गाडीला तार लागली, ती कुणाच्या नजरेनं?"