गच्चीवरची वीजचोरी

आमच्या सोसायटीची वीज सावंतकाका चोरतात, हे मी पंधरा दिवसांत पुराव्यानिशी सिद्ध केलं होतं. मी सोसायटीचा सेक्रेटरी. या कामाला पगार नाही, पण संशय घ्यायची पूर्ण मोकळीक असते.

लालबागच्या आमच्या चाळीची बिल्डिंग झाली आणि गच्चीवर सोलर पॅनल आली. साधी नाहीत, दोन्ही बाजूंनी वीज करणारी! बसवायला आलेल्या इंजिनीअर मुलीने आधी सगळी गच्ची पांढरीफेक रंगवून घेतली. म्हणाली, "काका, ही अशीच पांढरी राहिली पाहिजे. घाण होऊ देऊ नका." हे मला सांगायची गरज नव्हती. आमच्या घरात रिमोटला प्लास्टिकची पिशवी असते आणि सोफ्याच्या चादरीवर जुनी चादर. कबुतरं दिसताच मी पॅनलखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ताडपत्री अंथरली. काळी घेतली. मळखाऊ रंग बरा पडतो.

त्याच आठवड्यात मोबाइलवर दिसणारे युनिट घसरले. ऊन तेच, पॅनल तीच, मग वीज जाते कुठे? वरच्या मजल्यावर सावंतकाकांकडे नवं वॉशिंग मशीन आलं होतं. शिवाय ते रोज दुपारी गच्चीवर जायचे. (आमसुलं वाळत घालायला, असं म्हणायचे. म्हणणारच!) एकदा मी त्यांच्या दाराला कान लावून उभा होतो, तर दार उघडलं.

"काय रे झिला?"

"काही नाही काका. रंग वाळला का बघत होतो."

"दाराक रंग देऊन वरीस झाला," म्हणाले आणि मला चहा प्यायला आत बोलावलं. निर्दोष माणूस चहा कशाला देईल? माझी खात्रीच पटली. मी बोर्डावर नोटीस लावली : "वरच्या मजल्यावरील एका इसमावर वीजचोरीचा संशय आहे. सभ्यतेखातर नाव जाहीर करीत नाही." (वरच्या मजल्यावर सावंतकाका एकटेच राहतात. बाकीची घरं कुलूपबंद आहेत.)

सावंतकाका आणि माझे वडील अप्पा एकाच मिलमध्ये, एकाच खात्यात होते. संप झाला, मिल गेली, पण दोघांचा संध्याकाळचा पत्त्यांचा डाव कधी चुकला नव्हता. नोटीस लागली त्या संध्याकाळी काका आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. अप्पा एकटेच पत्ते पिसत बसले.

"अप्पा, मी सोसायटीचं काम करतोय."

"संपात तू त्याच्या घरात जेवलंस," अप्पा म्हणाले. "तेव्हा त्याना तुका चोर म्हटला नाय."

त्यानंतर ते माझ्याशी बोलेनात. मला फार वाईट वाटलं. नोटीस मात्र मी काढली नाही.

शेवटी चोरी पकडून द्यायला मी त्या इंजिनीअर मुलीला बोलावलं. भरदुपारी कमिटी, अप्पा आणि आरोपी, सगळे गच्चीवर जमले. मी वायर दाखवत होतो, तर ती वाकून पॅनलच्या खाली बघायला लागली.

"हे काय आहे?"

"ताडपत्री," मी अभिमानाने म्हणालो. "रंग मळू नये म्हणून."

"काका, ऊन पांढऱ्या जमिनीवर पडून वर उडतं, त्यावर पॅनलची खालची बाजू चालते. काळी जमीन ते पिऊन टाकते. कोणी घातली ही?"

कमिटीने माझ्याकडे बघितलं. तिने चौघांना हाताशी धरून ताडपत्री ओढली. उजेड एवढा उसळला की सगळ्यांनी डोळे मिचकावले, आणि थोड्याच वेळात मोबाइलवरचे आकडे चढायला लागले.

"चोर गावलो," सावंतकाका शांतपणे म्हणाले.

मी तिथेच त्यांचे पाय धरले. "काका, चुकलो. काय म्हणाल ती शिक्षा द्या, पण अप्पांकडे खेळायला या."

काकांनी अप्पांकडे बघितलं. मग म्हणाले, "मिलच्या गेटार आमची रोज झडती व्हायची. कधी सुताचो धागो घेतलो नाय, तरी हात वर. तुझ्या बापाशीन दिली, मिया दिली. आता तू दी."

संध्याकाळी डाव पुन्हा सुरू झाला. मी मात्र गच्चीवर जायचं तर तिथल्या दाराशी हात वर करून उभा राहतो आणि काका सगळ्या बिल्डिंगसमोर माझे खिसे तपासतात. पहिल्या दिवशी किल्ल्या परत दिल्या, पाकीट परत दिलं. रुमाल तेवढा ठेवून घेतला. म्हणाले, "ह्यो हयच ऱ्हवांदे. वर नेऊन अंथरशीत."