अर्धी राहिलेली माडी

मद्रासमधल्या मैलापूरला आमच्या शेजारी एक गृहस्थ आणि त्यांची विधवा वहिनी राहत. घर दोघांच्या मालकीचं. कचेरीतून आले की ते छत्रीच्या दांड्याने भिंत ठोकून बघत आणि म्हणत, "वीस वर्षं थांबा, मग या घराची किंमत कळेल." एकेक खोली त्यांनी भाड्याने दिली आणि त्या भाड्यातून वर माडी चढवायला घेतली. स्वतः ओट्यावर झोपत, वहिनी स्वयंपाकघरात.

माझं डोकं फिरलं. विधवेच्या निवाऱ्याचा धंदा! मी पत्रक छापून त्यांच्याच दारावर डकवलं. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं आणि सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबून बसवला.

वहिनी मात्र तरातरा बाहेर आल्या. "माडी माझ्या नावावर चढतेय रे, शहाण्या! म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको म्हणून. मला विचारलंस का?"

"असू दे वैनी," ते म्हणाले, "त्याला काय ठाऊक!"

पण पत्रक भाडेकरूंनीही वाचलं होतं. विधवेला नाडणाऱ्याला पैसे कशाला, म्हणत त्यांनी भाडं बंद केलं आणि मजुरी थांबल्यावर गवंडी निघून गेले. वहिनी अजून स्वयंपाकघरातच झोपतात.

मी दोनदा माफी मागायला गेलो. दोन्ही वेळा त्या गृहस्थांनी मला कॉफी दिली आणि मनापासून विचारलं, "नवीन काय लिहिलंस?"