चेलुकच्या अंगणात बाबांची अंगठी

बालीला जायचं ठरलं ते हार्लेमच्या एका सोनारामुळे. आई सांगलीहून तीन महिन्यांसाठी आमच्याकडे, नीउ-व्हेनेप या छोट्या डच गावात आली होती, आणि येताना लाल कापडी बटव्यात बाबांची चांदीची अंगठी घेऊन आली होती. अंगठी मागच्या बाजूने कापलेली होती. हार्लेमच्या सोनाराने ती नीट पाहिली आणि म्हणाला, ठेवून जा, तीन आठवड्यांनी या. आईने त्याच्या हातातून ती काढून घेतली. सोनारासमोर बसून काम करून घ्यायचं, वस्तू नजरेआड करायची नाही, ही आमच्या घरची जुनी रीत. "त्याला सांग, मी थांबते इथं," ती म्हणाली. दुकान पाच वाजता बंद होत होतं.

ती अंगठी कापली कशी, हेही सांगायला हवं. दीड वर्षापूर्वी बाबा सांगलीला दवाखान्यात होते, मी तिकडे गेले होते. त्यांचं बोट सुजून निळं पडलं होतं. सिस्टर म्हणाल्या कापावी लागेल. बाबा म्हणाले, "तुझी आई येईपर्यंत थांब." आई रिक्षात होती. मी थांबले नाही, सिस्टरना कापा म्हटलं. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. आई त्याबद्दल मला कधी एक शब्द बोलली नाही, आणि ते न बोलणंच मला छळत होतं.

तर इंटरनेटवर शोधता शोधता बाली सापडलं. तिथे चेलुक नावाचं अख्खं गाव चांदीकामाचं आहे आणि कारागीर समोर बसून काम करतात. नवऱ्याला ऑफिसातून सुट्टी मिळेना. "तुम्ही दोघी जा, मी आणि मांजर घर सांभाळतो," असं त्याने फारच आनंदाने सांगितलं.

आईवडिलांना घेऊन इथून जाणाऱ्यांसाठी एक सूचना: त्यांचा शेंगेन व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे ना, ते तिकीट काढायच्या आधी बघा. आम्ही नंतर बघितलं. होता, पण ती दहा मिनिटं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

आम्ही उबुडला उतरलो आणि गाडी ड्रायव्हरसकट ठरवली. दिवसाचे साधारण चाळीस युरो, पेट्रोल त्यातच. ड्रायव्हरचं नाव न्योमान. तिकडे जन्माच्या क्रमाने नावं ठेवतात, न्योमान म्हणजे तिसरा. हे कळल्यावर आईने लगेच त्याच्या थोरल्या दोघांची चौकशी केली. भाषा एक नाही, पण आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत सांगायची, आणि बऱ्याचदा माझं सांगून व्हायच्या आत न्योमानने उत्तर दिलेलं असायचं. तो तिला 'इबू' म्हणायचा, म्हणजे आईच.

पहिला दिवस भातखाचरांचा. तेगलालांगला आठच्या आत पोहोचा, नंतर झोपाळ्यावर फोटो काढणाऱ्यांची जत्रा भरते. उतारावरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत पाणी वरून खाली सोडलेलं, आणि त्याचा आवाज सगळीकडे. आईने बांधावर बसून पिशवीतून मेतकूट-भात काढला. मी म्हटलं, "अगं, समोर एवढं हॉटेल आहे." ती म्हणाली, "भाताच्या शेतात बसून दुसऱ्याचा भात कशाला?" दुपारी मात्र तिला गाडो-गाडो आवडलं, भाज्यांवर दाण्याच्या कुटाचं दाट कालवण. शाकाहारी असाल तर चटणी आधी विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी तिच्यात सुकी कोळंबी असते.

दुसऱ्या दिवशी मास या गावात लाकडावरचं कोरीवकाम पाहिलं. पायाच्या दोन तळव्यांत लाकूड धरून म्हातारे कारागीर हत्ती कोरत होते. आईला ते पाय पाहून फार कौतुक वाटलं, आणि मला घरी नेण्यासाठी अर्धा मीटर उंचीचा लाकडी बेडूक पसंत पडला, जो तिने घेऊ दिला नाही.

तिसऱ्या दिवशी चेलुक. मोठ्या रस्त्यावरच्या तीन शोरूमनी आम्हाला गोड हसून कानातली दाखवली आणि दुरुस्तीला नकार दिला. चौथ्या ठिकाणी जायच्या आधी न्योमानने आईच्या हातातल्या बटव्याकडे पाहून विचारलं, "अंगठी कोणाची?" मी सांगितलं. त्याने गाडी वळवली आणि मागच्या गल्लीत एका घरापाशी नेली. अंगण, कोपऱ्यात छोटं देऊळ, पडवीत चष्मा लावलेला कारागीर. हातातलं पैंजण संपवतो आणि घेतो, म्हणाला.

बालीत दिसेल तिथे नैवेद्य असतो: झावळीच्या पानाची हातभर नाही, तळहाताएवढी परडी, त्यात फुलं, भाताची शितं, कधी बिस्किट, वर उदबत्ती. देवळापुढे अशा पाच-सहा परड्या मांडल्या होत्या. आपण लोक काय करतो? नवी वही असो की गाडीची चावी, आधी देवाच्या पायाशी ठेवतो. आईने बटव्यातून अंगठी काढली, एका परडीत फुलांवर ठेवली, हात जोडले, आणि पैंजण कसं घडतं ते बघायला पडवीत येऊन बसली. मीही बसले. घरातल्या वहिनींनी चहा आणला. मग त्यांनी झाडू घेतला.

झाडूचा आवाज मी ऐकला, पण तो झाडूचाच आवाज वाटला. पंधरा मिनिटांनी कारागिराने हात पुढे केला. आई देवळापाशी गेली आणि तिथेच थबकली. परड्या होत्या, पण नव्या, ताज्या. तिकडे उदबत्ती विझली की नैवेद्य पोहोचला, पुढे तो पालापाचोळाच. आपल्यासारखं निर्माल्य वेगळं काढत नाहीत.

मागच्या भिंतीशी कचऱ्याचा ढीग होता आणि ढिगातून धूर येत होता.

मी त्या ढिगाकडे बोट दाखवलं. न्योमानने माझ्याकडे पाहिलं, आईच्या रिकाम्या बटव्याकडे पाहिलं आणि धावला. वहिनींनी बादलीभर पाणी ओतलं. मी बुटांनी ढीग उलटवायला लागले तशी आई म्हणाली, "पायाने नको गं. देवाची फुलं आहेत." मला त्या क्षणी तिचा इतका राग आला. पण न्योमानने चपला काढल्या, गुडघ्यांवर बसला आणि ओली राख, पाकळ्या हातांनी वेचू लागला. मग आम्ही चौघं बसलो. एकेक पाकळी. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: आधी मी ती कापली, आणि आता मीच ती घालवली.

अंगठी आईलाच मिळाली. भाताच्या शितांना चिकटलेली, एका बाजूने काळी झालेली. तिने ती पदराला पुसली आणि मला रडू फुटलं. न्योमान हसला, वहिनी हसल्या, त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याहून जास्त सुटका दिसत होती.

कारागिराने अर्ध्या तासात ती आमच्यासमोर सांधली. इबूंच्या मापाची लहान करू का, त्याने विचारलं. आई म्हणाली, "नको. मला घालायची नाहीये. तुटलेली नको, एवढंच."

परतताना गाडीत आईने अंगठी बटव्यात ठेवली. मग खिडकीबाहेर बघत आईने विचारलं, "बोट फार सुजलं होतं का गं?"

"हो. निळं पडलं होतं."

"मग बरं केलंस," ती म्हणाली. "मला रिक्षा मिळायलाच वेळ लागला होता."

एवढंच. दीड वर्ष मी ज्याला भीत होते ते इतकं साधं निघालं. मी न्योमानला गाडी थांबवायला सांगून तिघांसाठी शहाळी घेतली.

नीउ-व्हेनेपला परत आल्यावर पाऊस, वारा, सायकल, ऑफिस, सगळं जागच्या जागी होतं. बालीच्या आठवणी म्हणाल तर मला भातखाचरांपेक्षा न्योमानचे राखेने माखलेले हात जास्त आठवतात. महिन्याभराने आई सांगलीला निघाली. बॅग भरताना लाल बटवा हलका लागला म्हणून मी उघडला. रिकामा होता. अंगठी आमच्या देव्हाऱ्यात, गणपतीच्या पायाशी होती.

"तुझ्या अंगठ्यात बसेल ती," आई साडीची घडी घालत म्हणाली. "आणि सापडली नाही तर आधी निर्माल्यात बघायचं."

बसली. इथे फुलं ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यात जातात. डबा बाहेर ठेवायच्या दिवशी मी आधी निर्माल्य हातांनी चाळून बघते. अंगठी माझ्या हातातच असते, तरी बघते.