मावशी पाहुणी म्हणून आली

दुपारची जेवणं उरकलीयत. नलूनं भांडी घासून पालथी घातलीयत आणि द्वारका चटईवर आडवी झालीय. डोळा लागू द्यायचा नाही असं तिनं ठरवलंय, पण पापण्या कुणाच्या बापाचं ऐकतात! चारला अपंगांच्या संस्थेच्या मॅडम येणार आणि विचारणार, महिना झाला द्वारकाताई, इथंच राहणार की परत संस्थेत येणार? संस्थेतनंच बरोबर आलेल्या नलूला डोळ्यांनी दिसत नाही, पण तिचं पहिल्याच दिवशी ठरलंय, ती हलायची नाही. घोडं अडलंय ते द्वारकेचं. पोलिओनं एक पाय गेलेली ही बाई विशीत संस्थेत गेली, ती साठी उलटल्यावर बाहेर पडली. तिथं कधी जेवायचं, कधी निजायचं, कुठलं लुगडं नेसायचं, सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं. आणि आता मिरजेच्या बोळातल्या या दोन खोल्या न् स्वतःची शेगडी! वर सरूमावशीचे शब्द कानात बसलेले, "बाहेर तुझा निभाव लागायचा नाही, द्वारके." संस्थेत जिनं न्हाऊमाखू घातलं, तापात उशाशी बसली, त्या मावशीचे शब्द. मावशी गेल्या वर्षी वारली, तेवढे शब्द ठेवून.

पापणी मिटते न मिटते तोच दारात मावशी उभी. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, पदर खोचलेला, कपाळ पांढरं.

"चल, गाठोडं बांध. न्यायला आलेय."

"आधी बस तरी."

"बसायला सवड कुठाय? कुलपं घालायचीत."

"पाहुण्यानं उभ्या उभ्या जाऊ नये, मावशी."

"पाहुणी? मी?" मावशी तोंडात बोट घालते.

"मग कोण? घर माझं आहे. चल, तुझ्यासाठी भाजी आणू."

उंबरा ओलांडला तर समोर संस्थेची लांबलचक पडवी. दोन्ही अंगाला त्याच लोखंडी खाटा, पण खाटांवर माणसं नाहीत, मेथीचे न् दोडक्यांचे ढीग आहेत आणि पलीकडे भाजीवाल्या बसल्यायत. द्वारका कुबडी टेकत पुढं आणि मावशी मागं, असं आजवर कधी झालेलं नाही.

"ही वांगी काल उरलेली दिसतायत," द्वारका म्हणते. "खालची काढ. मी काय आज आलेय व्हय बाजारात?"

"द्वारकाताई, तुमच्यापुढं हात टेकले बाई," भाजीवाली हसून खालची वांगी काढते.

मावशी बघतच राहते. "ही तुला नावानं ओळखते?"

"रोज भांडते हिच्याशी. ओळखणारच की."

"तिथं तर आमटीत मीठ नसलं तरी तुझा शब्द फुटायचा नाही."

"फुटला असता तर ऐकणार कोण होतं?"

मावशी पिशवी पुढं धरते. वांगी पिशवीत पडतात न पडतात तोच शेगडीवर शिजायला लागतात, आणि दोघी घरात ताटावर बसलेल्या असतात. मावशी भाकरी मोडते. दोन घास खाते, आणि मग मनातलं बाहेर काढतेच.

"आणि पडलीस तर गं? कोण आहे तुझं?"

"पडलेय की! परवाच मोरीत आपटले. नलूनं उचललं, शेजारच्या काकू हळद गरम करून घेऊन आल्या. तुझ्या संस्थेत काय पडत नव्हते? तिथंही पडायचेच. फक्त तिथं पडले की तू ओरडायचीस."

मावशीला हसू येतं. जुडगा सावरत ती उठते. "निघते मी."

"थांब. कुंकू लावते."

"मला?" मावशी चटकन मागं सरते. "वेडी का खुळी तू? माझं कपाळ..."

द्वारकेला सगळं ठाऊक आहे. संक्रांतीला गावातल्या बायका हळदीकुंकू घेऊन संस्थेत यायच्या. पोरीबाळींना, लुळ्या-पांगळ्यांना रांगेत बसवून लावायच्या. त्या वेळी मावशीला नेमकं कोठीघरात काम निघायचं. तांदूळ निवडलेले असले तरी ती पुन्हा निवडायची.

"ते तिथलं," द्वारका म्हणते, आणि तिचा आवाज तिलाच नवा वाटतो. "हे माझं घर आहे. माझ्या घरातनं बाई रिकाम्या कपाळानं जात नाही."

फळीवर करंडा आहे. तिनं तो कधी विकत घेतलेला नाही, पण आहे. बोट बुडवून ती मावशीच्या कपाळावर टेकवते, चांगलं ठसठशीत. मावशी डोळे मिटून उभी राहते, लहान पोरीसारखी. किल्ल्या वाजायच्या थांबतात.

"गाठोडं?" द्वारका विचारते.

"नको बांधू," मावशी म्हणते. "चुकलंच माझं, द्वारके. तुझा निभाव लागला गं."

"अगं ऊठ! कुणाशी बोलतेस?" नलू तिचा हात धरून हलवतेय. मग एकदम थांबते आणि बोटावरून बोट फिरवते. "ही कसली भुकटी लागलीय गं?"

द्वारका बघते. बोट पेरापर्यंत लालभडक झालंय.

"कुंकू आहे."

"आपल्या घरात कुंकू कुठलं?"

द्वारका फळीकडे बघते. चहा, साखर, मिठाचा डबा. करंडा नाही. आणि मनातली भीतीही कुठं शोधून सापडत नाही.

"मॅडम आल्या वाटतं बोळात," नलू कान देऊन म्हणते. "काय सांगणार गं त्यांना?"

"राहते म्हणून. दुसरं काय सांगायचं?" द्वारका ताठ बसते. "पण आज चहा तू टाक, नलू. हा हात मी धुणार नाही."